उजनी मायनसमध्ये गेली की काठावर बघा: टिटवी, नदी सुरय आणि चतुर

करमाळा (प्रतिनिधी) : एप्रिल लागला की आपल्या भागात माणूस भेटला की पहिला प्रश्न एकच, उजनी किती टक्के? धरण ११७ टीएमसीचं, त्यातला जवळपास ६४ टीएमसी मृतसाठा. वरचं पाणी संपून मृतसाठ्याला हात लागला की आपण म्हणतो, उजनी मायनसमध्ये गेली. मग पाइप वाढवा, केबल वाढवा, मोटारी पुढं सरकवा, हे सुरू होतं. पण पाणी मागं सरकलं की गाळाची जमीन, खडकाळ उंचवटे आणि छोटी बेटं उघडी पडतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत काही पक्ष्यांची अंडी घालायची वेळ असते. आपण रोज मोटार चालू करायला त्यांच्या शेजारूनच जातो. काय बघायचं ते माहीत नसल्यामुळं बरंच नजरेतून सुटतं आणि काही पायाखालीही येतं.

सुरुवात टिटवीपासून करू, कारण ती सगळ्यांना माहीत आहे. डोळ्यापाशी लाल कातडी, लांब पिवळे पाय आणि रात्री-बेरात्री ओरडून अख्खं शिवार जागं करायची सवय. हिचीच एक बहीण माळरानावर दिसते, तिच्या डोळ्यापाशी पिवळी कातडी असते, ती माळटिटवी. टिटवीचं घरटं म्हणजे काही नसतंच. ढेकळात किंवा खडीत उथळ खळगा, कडेला चार खडे, आणि त्यात मातीच्या रंगाची काळे डाग असलेली अंडी. दोन हातांवर उभं राहूनही ती दिसत नाहीत.

आता भाकिताचं. टिटवीनं चार अंडी घातली म्हणजे चार महिने पाऊस, उंचावर घातली म्हणजे पूर येणार, अशी बातमी दरवर्षी मे महिन्यात फिरते. आम्हा बातमीदारांकडं फोटोही येतात. बाबांनो, टिटवी बहुतेक वेळा चारच अंडी घालते. दुष्काळातही चार आणि अतिवृष्टीतही चार. जागा उंचावरची की सखल, हे ती त्या वेळची ओल, गवत आणि जनावरांची ये-जा बघून ठरवते. वाडवडिलांनी हे निरीक्षण केलं त्याला मान आहे, पण त्यावर पेरणीचा हिशोब मांडू नये.

भाकितापेक्षा खरी बघण्यासारखी गोष्ट वेगळी आहे. दुपारी ऊन ४२-४३ अंशांवर जातं तेव्हा उघड्या मातीतली अंडी शिजायला किती वेळ लागेल? टिटवी अशा वेळी पाण्यात जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि परत येऊन अंड्यांवर बसते. पिल्लं निघाल्यावर त्यांनाही असंच गार ठेवते. नर-मादी आळीपाळीनं बसतात, आणि हे जवळपास चार आठवडे चालतं. म्हणजे एकदा माणसाच्या किंवा कुत्र्याच्या भीतीनं ती भर दुपारी अर्धा-पाऊण तास उठून राहिली, तर नुकसान लगेच होतं. फोटो काढायला जवळ जाऊन बसणारे हे लक्षात घेत नाहीत. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली की समजायचं, आपण जवळ आलोय. तिथूनच मागं फिरायचं. कधी ती पंख मोडल्याचं सोंग करून तुम्हाला दुसरीकडं नेते. पिल्लं अंड्यातून निघाली की लवकरच चालायला लागतात आणि धोका दिसला की जमिनीला चिकटून गप्प बसतात. असं एकटं पिल्लू दिसलं तर ते पोरकं नसतं, घरी उचलून आणू नका.

गाळपेर करणाऱ्यांसाठी आणि उन्हाळी नांगरट करणाऱ्यांसाठी एक सोपा उपाय आहे. ट्रॅक्टर लावण्याआधी रानातून एक चक्कर मारा. टिटवी एकाच जागेवरून पुन्हा पुन्हा उठत असेल तर घरटं तिथंच आहे. अंड्यांच्या अगदी शेजारी काठी रोवू नका, कावळा हुशार असतो, तोही काठीकडं बघतो. पाच-सहा पावलं सोडून दोन्ही बाजूंना दगड ठेवा आणि ड्रायव्हरला तेवढा तुकडा सोडायला सांगा. महिनाभरानं तो नांगरता येतो. दोन-चार सरींनी कुणी गरीब होत नाही.

दुसरा पक्षी नदी सुरय. हा खास आपल्या जलाशयाचा, पण ओळखणारे कमी. राखाडी पाठ, डोक्यावर काळी टोपी, पिवळी चोच, लांब दुभंगलेली शेपटी. मासेमाऱ्यांना विचारा, त्यांच्या होडीसमोर पाण्यात सूर मारून लहान मासे उचलणारा तो हाच. मार्चपासून मेपर्यंत तो उघड्या पडलेल्या बेटांवर उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. चारी बाजूंनी पाणी म्हणजे कुत्री-कोल्हे येत नाहीत, हा त्याचा साधा हिशोब. पण पाणी फारच उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्रीही येतात, मेंढरंही येतात आणि सेल्फीवालेही येतात. याच्या उलटही होतं. पुण्याकडं अवकाळी पाऊस होऊन दौंडचा विसर्ग वाढला की पाणी चढतं आणि सखल जागेवरची अंडी बुडतात. २०२५ मध्ये तर मे महिन्यातच मोसमी पाऊस राज्यात आला होता. त्या पाण्यापुढं आपलं काही चालत नाही. पण बेटावर होडी लावून जेवणाचे डबे उघडायचे की नाही, हे आपल्याच हातात आहे. एप्रिल-मे हे दोन महिने तरी नको. बघायचं असेल तर होडी लांब ठेवून बघा, फोनच्या झूममध्ये भागतं.

रोहित, ज्यांना सगळे फ्लेमिंगो म्हणतात, ते बघायला भिगवणला गर्दी होते, पण आपल्या बाजूच्या काठावरही ते उतरतात. उथळ चिखलात मान उलटी घालून चरताना दिसले की ओळखायचे. पावसाआधी ते निघून जातात. पलीकडं इंदापूर तालुक्यात भादलवाडीच्या तळ्यातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत असते. तळ्यात पाणी टिकलं असेल त्या वर्षी जाऊन यावं.

आता चतुर. पोरं त्याला हेलिकॉप्टर म्हणतात आणि शेपटीला दोरा बांधतात. ती शेपटी म्हणजे त्याचं पोट आहे, आणि तिला काटा वगैरे काही नसतो, तो डंख मारत नाही. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर. काडीसारखा बारीक आणि बसल्यावर बहुधा पंख मिटून अंगालगत घेणारी ती टाचणी. एवढा फरक कळला की अर्धं काम झालं.

पंख आलेला चतुर आपण बघतो तो त्याच्या आयुष्याचा शेवटचा भाग असतो. आधीचा सगळा काळ तो पाण्यात काढतो. डबक्याच्या तळाशी, शेवाळात, विहिरीच्या कपारीत मातकट रंगाचा, सहा पायांचा, कोळ्यासारखा दिसणारा किडा असतो, तेच चतुराचं पिल्लू. त्याचा खालचा जबडा दुमडलेला असतो आणि भक्ष्य टप्प्यात आलं की झटक्यात पुढं फेकला जातो. डासांच्या अळ्या, बेडकांची बारकी पिल्लं, जे मिळेल ते खातो. वाढ पुरी झाली की रात्री किंवा पहाटे तो गवताच्या काडीवर नाहीतर भिंतीवर चढतो, पाठ उकलते आणि आतून पंखवाला चतुर बाहेर येतो. सकाळी लवकर पाण्याच्या कडेनं चाललात तर काडीला चिकटलेली ही कोरडी सालं सापडतील. ती खुशाल हातात घ्या, पोरांना दाखवा.

एक चतुर तर तुमच्या दारातच असतो. राखाडी अंगावर काळे-पांढरे ठिपके, ग्रॅनाइटच्या फरशीसारखे. जनावरांच्या सिमेंटच्या हौदाच्या भिंतीवर बसला तर दिसत नाही, उडाला की कळतं. तो हौदात, टाकीत आणि साठलेल्या पाण्यातच वाढतो. सांडपाण्याच्या गटारीवर दिसणारा नारिंगी पंखांचा चतुर वेगळा, त्याला घाण पाणी चालतं. म्हणजे चतुर दिसला म्हणून पाणी स्वच्छ, असं धरून चालू नका, कोणता दिसला ते बघा. आणि डेंगीच्या बाबतीत चतुरावर भरवसा ठेवून घरातलं पाणी उघडं ठेवू नका, कोरडा दिवस पाळायचाच.

दुपारी बारा-साडेबाराला काही चतुर काडीवर उलटं टांगल्यासारखे पोट सरळ सूर्याकडं करून बसतात. वेडेपणा नाही तो. अंगावर कमीत कमी ऊन पडावं म्हणून घेतलेली बैठक आहे ती. मोटारगाडीच्या चकचकीत टपावर किंवा सोलर पॅनलवर एखादी मादी शेपटी टेकवताना दिसली तर ती फसलेली असते. ती चकाकी तिला पाण्यासारखी वाटते.

इथंच शेतकऱ्याचा मुद्दा येतो. उन्हाळ्यात ओढ्याला पाणी राहतं ते दोन-चार डबक्यांत. शिवारातल्या पुष्कळ चतुरांची पुढची पिढी तेवढ्याच पाण्यात असते. त्याच डबक्यावर आपण कलिंगडाचा, केळीचा फवारणीचा पंप धुतो. पावसाळ्यात वाहत्या पाण्यात औषध पातळ होऊन जातं, उन्हाळ्यात ते तिथंच साठून राहतं. पंप धुतलेलं पाणी बांधाच्या आत, पडीक तुकड्यावर ओता, डबक्यात आणि विहिरीजवळ नको. तसंच मुरूम काढताना ओढ्याच्या उभ्या काठाला हात लावण्याआधी बोटभर-दोन बोटं रुंदीची भोकं आहेत का बघा. हिरवा वेडा राघू तिथं बोगदा करून पिल्लं वाढवतो. विहिरीवर झुकलेली बाभूळ मेमध्ये तोडू नका, पाऊस जवळ आला की सुगरण तिथंच खोपे बांधते. आणि ‘पेरते व्हा’ ओरडणारा पावशा अंडी घालतो ती सातभाईंच्या घरट्यात, म्हणून बांध पेटवला की सातभाईंबरोबर पावशाचंही पिल्लू जातं.

ओळखायला फोन पुरतो. मर्लिन नावाचं मोफत ॲप आहे, आवाज ऐकून पक्ष्याचं नाव सुचवतं. गावात रेंज असताना भारताचा पॅक उतरवून घ्या, मग रानात नेट नसलं तरी चालतं. नाव इंग्रजीत आलं तर मराठी नाव गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. सोलापूरच्या मारुती चितमपल्लींनी पक्ष्यांची नावं अशीच रानातल्या लोकांकडून गोळा केली होती. चतुराला आयनॅचरलिस्ट हे ॲप बरं. फोटो एक वरून, एक बाजूनं घ्या, पंख आणि पोटाचं टोक दोन्ही दिसायला हवेत. सकाळी आठ-साडेआठपर्यंत तो सुस्त असतो, तेव्हा सावली त्याच्यावर न पाडता वाकून जा. घरट्याचा फोटो मात्र ग्रुपवर जागेसकट टाकू नका.

जूनमध्ये वारं फिरलं की रानावर पिवळसर चतुरांचे थवे दिसायला लागतात, न बसता तासन् तास उडणारे. हे प्रवासी चतुर. मालदीवमध्ये राहणारे चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं की पाऊस संपल्यावर हे भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत जातात आणि त्यांच्या पुढच्या पिढ्या परत येतात. जाऊन-येऊन १४ ते १८ हजार किलोमीटर. पहिल्या मोठ्या पावसात भरलेल्या डबक्यात ते अंडी घालतात आणि दीड-दोन महिन्यांत नवी पिढी उडते. म्हणजे ऑगस्टमध्ये उडदाच्या रानावर जे थवे फिरतील, त्यातले काही तुमच्याच बांधाच्या खालच्या डबक्यातून निघालेले असतील.