धुलाईयंत्र आणि पाण्याची उष्णता

जुन्या स्वयंचलित धुलाईयंत्राच्या दर्शनी पट्टीवर एक लहानशी खुंटी असते, व तिच्याजवळ 'हॉट', 'वॉर्म' आणि 'कोल्ड' असे तीन शब्द छापलेले असतात. आमच्या जळगाव-धुळ्याकडे ज्या घरी असे यंत्र अजून टिकून आहे, तेथे ही खुंटी वर्षानुवर्षे एकाच जागी खिळलेली बहुधा दृष्टीस पडते. तिचे प्रयोजन समजावयाचे असेल, तर वाचकांनी क्षणभर यंत्र बाजूस ठेवून परटाच्या भट्टीकडे वळावे.

मळके सुती कपडे सज्जीखाराच्या पाण्यात भिजवावयाचे, पिळून भट्टीवरील भांड्यावर त्यांचा ढीग रचावयाचा, आणि खाली उकळणाऱ्या पाण्याची वाफ रात्रभर त्यातून चढू द्यावयाची; मग सकाळी पांझरेच्या किंवा गिरणेच्या वाहत्या थंड पाण्यात ते दगडावर आपटावयाचे, असा पूर्वीचा क्रम होता. लोकर व रेशीम मात्र भट्टीत जात नसे. त्यांस कोमट पाणी आणि रिठा. यंत्रावरील तीनही शब्दांचा अर्थ परटास यंत्रापूर्वीच अवगत होता, असे म्हणावयास हरकत नाही.

उष्णता करते काय? कापडास चिकटलेले तेल-तूप थंडीत थिजते. पाणी तापले की ते पातळ होऊन सुटते. साबणही ऊन पाण्यात लवकर विरघळतो. आमच्याच अमळनेरास १९४५ साली स्थापन झालेल्या, व पुढे विप्रो या नावाने जगभर प्रसिद्धीस आलेल्या कंपनीने वनस्पती तुपाबरोबर '७८७' नावाचा धुण्याचा साबण काढला होता. अशा साबणाचा फेस थंड व जड पाण्यात होता होत नाही. विहिरीच्या पाण्यातील चुन्याशी त्याचा संयोग होऊन जो चिकट साका बनतो, तो उलट कापडावरच बसतो. परंतु रक्ताचा अथवा अंड्याचा डाग प्रथम थंड पाण्यातच धुवावा. उष्णतेने तो शिजून पक्का होतो.

आता यंत्राकडे येऊ. अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने १९३७ साली घरगुती स्वयंचलित धुलाईयंत्र प्रसिद्ध केले. त्या देशातील यंत्रे सामान्यतः पाणी स्वतः तापवीत नाहीत. त्यांस दोन नळ्या जोडतात, एक गरम पाण्याची व एक थंड पाण्याची. खुंटी 'हॉट'वर असता पहिलीची झडप उघडते, 'कोल्ड'वर दुसरीची, आणि 'वॉर्म'वर दोन्ही. म्हणजे घरातील बंब जितका तापला असेल, तितकेच 'हॉट'. युरोपीय यंत्रांची रीत निराळी. त्यांच्या पोटातच विजेचे तापक असते व खुंटीभोवती ३०, ४०, ६०, ९० असे अंश लिहिलेले असतात. द्रव भरलेला एक लहान गोळा पाण्याची उष्णता जोखतो. द्रव प्रसरण पावून बारीक नळीतून दाब देतो व विजेची कळ फिरते. अनेक जुन्या यंत्रांत ठरलेले अंश गाठेपर्यंत आतील घड्याळ थांबून राही. तापक बिघडले, तर ते घड्याळ पुढे सरकणे कठीण, आणि घरची मंडळी समजतात की यंत्रच मेले!

इकडे तर अनेक घरी दोन्ही नळ्या एकाच नळास जोडलेल्या असतात. अशा ठिकाणी खुंटी कोठेही फिरवा, पाणी एकच. गरम पाण्याची नळी मुळीच जोडली नसेल, तर 'वॉर्म'वर यंत्र रडतखडत भरते व 'हॉट'वर भरतच नाही. कारागिरास बोलावण्यापूर्वी खुंटी तपासून पाहावी, पैसे वाचतात.

शिवाय जळगावचा वैशाख! पारा ४५ अंशांकडे जातो, गच्चीवरील टाकीतले पाणी दुपारी हातास चटका देते, आणि यंत्र त्यासच 'कोल्ड' म्हणते. उलट पौषात धुळ्यास पारा दहा अंशांखाली उतरला, की तेच 'कोल्ड' खरोखर थंड होते.

उष्णता फुकट मिळत नाही. वीस लिटर पाणी २५ अंशांवरून ६० वर नेण्यास सुमारे पाऊण ते एक युनिट वीज लागते. हल्लीच्या बहुतेक चूर्णांतील पाचकद्रव्ये चाळीस अंशांच्या आसपास उत्तम कार्य करतात. मग रोजच्या गणवेशासाठी साठ अंश कशास, असे आम्हांस वाटते.

तथापि एक प्रसंग असा आहे, की जेथे ही काटकसर नडते. वसतिगृहात एका मुलास खरूज झाली, की ती खोलीभर पसरते. खरजेचे किडे व त्यांची अंडी ५० अंशांहून अधिक उष्णतेत दहा मिनिटांत मरतात. कोमट पाण्याने तसा भरवसा नाही. ज्यांच्या यंत्रास गरम पाणी नाही, त्यांनी चादरी, टॉवेल व अंगावरचे सुती कपडे चुलीवर तापविलेल्या पाण्यात बुडवून ठेवावे, आणि सर्वांनी वैद्यकीय उपचार एकाच दिवशी घ्यावेत. उष्णता न सोसणारी लोकरीची वस्त्रे पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर वेगळी ठेवावीत. मनुष्याच्या त्वचेवाचून हे किडे सहसा दोनतीन दिवसांपलीकडे जगत नाहीत.