चौकट: इमारतीची 'वीज-कुंडली'

सिंगल लाइन डायग्राम: तीन फेजच्या तारा एकाच रेषेने दाखवणारी आकृती. मीटर, मेन स्विच, पॅनेल, मजल्यावरचे डीबी (वितरण बोर्ड) हा क्रम तिच्यात वाचता येतो. कोणती केबल कोणत्या भिंतीतून गेली, हे मात्र लेआउट नकाशात.

अ‍ॅज-बिल्ट नकाशा: प्रत्यक्षात झालेल्या कामाचा. मंजुरीचा नकाशा वेगळा. कामात बदल झाला की दोघांत फरक पडतो.

आकडे: सिंगल फेज २३० व्होल्ट, थ्री फेज ४०० ते ४१५ व्होल्ट, वारंवारता ५० हर्ट्‌झ. मोठ्या ग्राहकाकडे ११ किंवा ३३ हजार व्होल्टने वीज येते.

रंग: फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवे. युरोपीय यंत्रात निळी तार न्यूट्रल असते, म्हणून नकाशावर रंगांचा खुलासा हवाच.

एरंडोलमध्ये: धुळे-जळगाव महामार्गावरच्या या तालुक्याच्या गावी वितरण महावितरणचे. मीटरपुढची वायरिंग ग्राहकाची, तिचा नकाशाही त्याच्याचकडे.

विजेच्या दुसऱ्या स्रोताची नोंद चुकता कामा नये. वीज गेली तरी जनरेटर, इन्व्हर्टर तारांत दाब आणू शकतात; छतावरच्या सौर पॅनेलच्या डीसी तारा मेन स्विच पाडल्यावरही दिवसा जिवंत राहतात. वायरमनच्या जिवाशी संबंध असल्याने चेंजओव्हर स्विच आणि प्रत्येक स्रोताचा आयसोलेटर आकृतीत ठळक दाखवतात.

नियम: वीज कायदा २००३, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम, आधी २०१० चे, आता २०२३ चे. वायरिंगसाठी आयएस ७३२, अर्थिंगसाठी आयएस ३०४३.

प्रत्येक बदलानंतर: तारीख, सुधारणा क्रमांक, सही. एक प्रत पॅनेल रूममध्ये.