जुन्या यंत्राच्या ड्रायव्हरचा शोध

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या तळोद्यासारख्या तालुक्यात शाळेचा जुना स्कॅनर भंगारात काढण्यापूर्वी त्याचा लिनक्स ड्रायव्हर शोधणे अगत्याचे आहे. ड्रायव्हर म्हणजे यंत्र व संगणक यांमधील दुभाषी आज्ञावली. ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली असता यूएसबीने जोडलेल्या यंत्राचा उत्पादक-क्रमांक व वस्तु-क्रमांक दिसतो. शोध या क्रमांकांवरून घ्यावा. कारण बाहेरील नाव तेच राहून आतील चिप बदललेली असू शकते.

लिनक्सची मूळ आज्ञावली खुली असल्याने वगळलेला ड्रायव्हरही जुन्या आवृत्तीत सापडतो. फेब्रुवारी २००७ मधील २.६.२० आवृत्तीतून जुन्या फीतयंत्रांचा ‘एफटेप’ वगळला गेला, २.६.१९ मध्ये तो आहे. जुन्या आवृत्तीवर चालणारा संगणक मात्र इंटरनेटला जोडू नये.

क्रमांक जडवस्तू संग्रह नोंदवहीत लिहून ठेवावेत. पुढील शिक्षकाचे श्रम वाचतील.