उतार झेपेल का, हे थांबून कळतं

पठाराच्या कडेला सायकल उभी करून खाली वाकून पाहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो : हा उतार मला जमेल का? पुण्या-नाशिककडे, सातारा-कोल्हापुराकडे एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, घेऊन डोंगरात जाणारे आता बरेच आहेत आणि या प्रश्नाची ठरलेली उत्तरंही त्यांच्यात फिरत असतात. ‘मागे सरक आणि सोड.’ ‘पुढच्या ब्रेकला हात लावू नकोस.’ ‘सस्पेन्शन आहे ना, मग कसली भीती?’ यातला बराचसा सल्ला चुकीचा आहे, काही तर थेट हाड मोडणारा आहे. परदेशातल्या बाइक पार्कांत वाटेच्या तोंडाशी काठिण्याची रंगीत पाटी असते. आपल्या डोंगरवाटा माणसांच्या आणि गुरांच्या पायांनी पडलेल्या; तिथे पाटी कोण लावणार? निर्णय ज्याचा त्यानेच घ्यायचा. त्यासाठी माझ्या मते एक कसोटी पुरते : या उताराच्या मध्यावर, मनात येईल तेव्हा, मला सायकल थांबवता येईल का?

गैरसमज : 45 टक्के उतार म्हणजे 45 अंशांचा उतार

टक्का म्हणजे आडव्या 100 मीटरला किती मीटर खाली उतरलो. त्या हिशेबाने 45 अंशांचा उतार 100 टक्के होतो. 20 टक्के म्हणजे जेमतेम 11 अंश, 30 टक्के म्हणजे 17 अंशांच्या आसपास, 50 टक्के म्हणजे साडेसव्वीस अंश. आकडे लहान वाटतात, पण सायकलीवर ते लहान नसतात. इंटरनॅशनल माउंटन बायसिक्लिंग असोसिएशनच्या वर्गवारीत निळ्या, म्हणजे मध्यम वाटेचा सरासरी उतार 10 टक्क्यांपर्यंत धरलेला आहे. सरासरी 20 टक्के किंवा जास्त झाली की वाट थेट सर्वांत अवघड गटात, ‘डबल ब्लॅक डायमंड’मध्ये जाते.

इथे ‘सरासरी’ या शब्दाकडे नीट पाहा. ॲपमधला आलेख सरासरीच दाखवतो. दोन किलोमीटरांच्या 12 टक्क्यांच्या वाटेत 50 टक्क्यांचा चार मीटरांचा तुकडा असला, तरी आलेखात तो दिसणारही नाही, आणि माणूस पडतो तो नेमका त्याच तुकड्यात. फोटोंवरही विसंबू नका. फोटोत उतार हमखास सपाट वाटतो. एक सरळ काठी उताराच्या दिशेने जमिनीवर ठेवा, तिच्यावर मोबाइल ठेवून लेव्हल ॲपमध्ये अंश वाचा. पाच-सहा वाटांवर हे केलंत की नजर आपोआप बसते.

गैरसमज : ब्रेक चांगले असले की कुठेही थांबता येतं

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. ब्रेक चाकाला थांबवतो. सायकलीला थांबवते ती टायर आणि जमीन यांच्यातली पकड. सपाटीवर ती सगळी पकड थांबण्यासाठी वापरता येते. उतारावर तिच्यातला मोठा वाटा आपल्याला खाली खेचणाऱ्या गुरुत्वाकर्षणाला नुसतं तोलण्यातच संपतो. उरेल तेवढ्यातच थांबायचं.

आकड्यांत बघू. पकडीचा गुणांक 0.5 असलेली बऱ्यापैकी घट्ट मातीची वाट धरा आणि वेग ताशी 20 किलोमीटर. सपाटीवर तुम्ही सुमारे तीन मीटरांत थांबाल. त्याच मातीवर, त्याच वेगाला, 30 टक्के उतारावर आठ मीटरांहून थोडं जास्त अंतर लागेल. ब्रेक दाबायचं ठरवून तो दाबेपर्यंत गेलेली दोन-तीन मीटर वेगळीच. आता मातीऐवजी सुटा मुरूम घ्या आणि गुणांक 0.3 धरा. 30 टक्के उतारावर थांबायला उरलेली पकड येते शून्य. खेचणारं बल आणि पकड बरोबरीत सुटतात, सायकल असलेल्या वेगाने घसरतच राहते. इथे चार-पिस्टनचा महागडा ब्रेकही काही करू शकत नाही.

म्हणून सह्याद्रीत तोच उतार वर्षातून तीनदा बदलतो. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ असतं, पाऊस सरल्यावर काही आठवडे माती दमट आणि घट्ट असते, आणि मार्च-एप्रिलपासून वर भुसभुशीत धूळ आणि गोट्यांसारखा मुरूम सुटतो. गिर्यारोहक ज्याला घसारा म्हणतात, तो सायकलीलाही घसाराच असतो. नोव्हेंबरात जमलेला उतार मे महिन्यात जमेलच असं धरू नका. सोपी परीक्षा सांगतो : सायकल बाजूला ठेवून उताराच्या मध्यावर उभे राहा. नुसतं उभं राहताना बूट सरकत असतील, तर टायरकडूनही फार अपेक्षा ठेवू नका.

काही वाटांवर असा न थांबता येणारा तुकडा येतोच. तो छोटा असेल, सरळ असेल आणि त्याच्या पायथ्याशी वेग जिरवायला मोकळी, सपाट जागा असेल, तर सरावलेला माणूस तो उतरतो. पायथ्याशी वळण, झाड, ओढ्यातले धोंडे किंवा दरी असेल, तर तिथे सायकलीवरून जाऊ नका, कौशल्य कितीही असो.

गैरसमज : पुढचा ब्रेक दाबला की हँडलवरून उडायला होतं

पुढचा ब्रेक एकदम आवळला, हात ताठ ठेवले आणि सीट उंच असली, तर हे खरं आहे. पण त्यावरून ‘फक्त मागचा वापरा’ असा निष्कर्ष काढणं घातक आहे. उतारावर ब्रेक लावत उतरताना वजन पुढच्या चाकावर येतं. साधारण मापांची सायकल आणि स्वार धरून हिशेब केला, तर 30 टक्के उतारावर एकूण भाराचे जवळपास 70 टक्के पुढच्या चाकावर असतात. ज्या चाकावर भार, त्याच चाकाला पकड. मागचं चाक हलकं झालेलं असतं. एकट्या मागच्या ब्रेकने ते लगेच लॉक होतं, आडवं सरकू लागतं आणि वेग मात्र वाढत जातो.

दोन्ही ब्रेक लागतात, एकेका बोटाने, हळूहळू दाब वाढवत. हे डोंगरात शिकायची गोष्ट नाही. शाळेच्या मैदानाला लागून मातीचा सौम्य उतार असेल, तर तिथे एक रेघ ओढा आणि पुढचं चाक त्या रेघेवर, पाय न टेकता, मागचं चाक न घसरवता थांबवून दाखवा. सलग अनेकदा जमलं की उतार थोडा वाढवा. मग चालण्याच्या वेगाने, म्हणजे ताशी चार-पाच किलोमीटरांनी, तोच उतार तोल न जाता उतरा. मला वाटतं, हे ज्याला जमत नाही त्याने पठाराच्या कडेला उभं राहून पुढचा विचार करण्यात अर्थ नाही.

गैरसमज : जितकं मागे झुकाल तितकं सुरक्षित

हा सल्ला जुन्या सायकलींचा आहे. तेव्हा हँडल अरुंद असायचं, स्टेम लांब, आणि फोर्क आजच्यापेक्षा उभा, जमिनीशी 71 अंशांच्या आसपास. पुढचं चाक जवळजवळ छातीखाली यायचं, म्हणून मागे सरकावंच लागे. आजच्या ट्रेल सायकलींचा फोर्क 65-66 अंशांवर, एन्ड्युरोचा 63-64 वर असतो. चाक बरंच पुढे गेलेलं असतं. अशा सायकलीवर मागच्या टायरच्या वर जाऊन बसलात, तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल वळवलं तरी सायकल वळत नाही. शिवाय हात पूर्ण ताणलेले असतात, त्यामुळे पुढचं चाक खड्ड्यात उतरलं की ते तुम्हालाही सोबत ओढतं.

मागे जाण्यापेक्षा खाली जा. सीट खाली करा. बटणाने सीट खाली करणारी ड्रॉपर पोस्ट नसेल तर थांबून ॲलन कीने करा, दोन मिनिटं लागतात. गुडघे आणि कोपरं वाकवा, छाती हँडलच्या जवळ आणा, पेडल आडव्या रेषेत ठेवा आणि टाचा खाली दाबा. टाच खाली गेली की ब्रेक लावताना शरीराचा रेटा हातांवर न येता पायांवर येतो. हाताचे पंजे अवघडत असतील, तर वजन चुकीच्या जागी आहे असं समजा.

गैरसमज : सस्पेन्शन आहे म्हणजे सायकल डोंगराची

पुढे स्प्रिंगचा फोर्क आणि जाड टायर असलेली प्रत्येक सायकल दुकानात ‘एमटीबी’ म्हणूनच विकली जाते. ती कशासाठी बनवली आहे, हे तिच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. अनेक कंपन्या एएसटीएम एफ2043 या मानकाचे पाच वर्ग वापरतात. पहिला वर्ग डांबरी रस्त्याचा. दुसरा खडीच्या रस्त्याचा, उडी 15 सेंटिमीटरपर्यंत. तिसरा खडबडीत पायवाटांचा, उडी 61 सेंटिमीटरपर्यंत. चौथा 122 सेंटिमीटरपर्यंत. पाचवा डाउनहिल आणि मोठ्या उड्यांचा. आपली सायकल दुसऱ्या वर्गात निघाली, तर तीव्र उताराचा प्रश्न तिथेच मिटला. फ्रेम आणि फोर्क तुटण्याचा धोका कौशल्याने टळत नाही.

सस्पेन्शन धक्के शोषतं, पण सायकलीची खरी मर्यादा बहुतेक वेळा ब्रेकमध्ये असते. माउंटन बायकिंगचा जन्मच याची साक्ष देतो. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीत 1976 पासून झालेल्या ‘रिपॅक’ शर्यतींत जुन्या जाडजूड सायकली साडेतीन किलोमीटरांच्या आत सुमारे 400 मीटर उतरत. उतरताना मागच्या हबमधला कोस्टर ब्रेक इतका तापे, की आतलं ग्रीस जळून जाई आणि हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. शर्यतीचं नाव त्यावरूनच पडलं. तिथली सरासरी 12 टक्क्यांच्या आसपासच होती.

ही उष्णता आजही तेवढीच तयार होते. सायकलीसह 85 किलोचा स्वार 300 मीटर खाली उतरला, की सुमारे 250 किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाऊण लिटर पाणी उकळीला आणायला ती पुरेल. हवेचा विरोध आणि टायर सोडले, तर बाकी सगळी ब्रेकच्या दोन पातळ चकत्यांत, म्हणजे रोटरांत, जाते. 160 मिलिमीटरच्या रोटरपेक्षा 180 किंवा 203 चा रोटर म्हणूनच तीव्र उताराला बरा. ब्रेक सतत घासत ठेवू नका. पकड असेल तिथे जोरात लावा, मग सोडून थंड होऊ द्या. काही हायड्रॉलिक ब्रेकांत डॉट द्रव असतो आणि तो हवेतली ओल शोषतो. डॉट 4 चा उत्कलनबिंदू नवा असताना किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, ओल शोषल्यावर ही मर्यादा 155 वर येते. तेव्हा तो द्रव वेळच्या वेळी बदला.

घरातून निघण्यापूर्वी लिव्हर घट्ट दाबून धरा; ती हँडलला टेकत असेल किंवा हळूहळू खाली जात असेल, तर आज डोंगर नको. पॅडवरचा थर टॉर्चने बघा, अर्धा मिलिमीटर उरला असेल तर पॅड संपलेला आहे. टायरमध्ये दुकानातून भरलेली 40-50 पीएसआय हवा असेल, तर रुंद ट्यूबलेस टायरला ती फार झाली. 70 किलोच्या माणसाला 22 ते 28 सहसा पुरते. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेवा.

गैरसमज : वेगात गेलं की सोपं जातं

मुळं आणि छोटे दगड थोड्या वेगात सहज पार होतात, इतकंच यात खरं. वेग दुप्पट झाला की थांबायचं अंतर चौपट होतं.

गैरसमज : पट्टीचे लोक न बघताच उतरतात, उतरून चालतात ते नवखे

डाउनहिल विश्वचषकातले स्पर्धक सरावाआधी सगळा मार्ग पायी चालून पाहतात. दगड कुठे सुटला आहे, रेषा कुठून घ्यायची, चुकलो तर कुठे पडू, हे सगळं पायी बघून ठरतं. अंदाजावर गेल्यास काय होतं, ते टोकियो ऑलिम्पिकच्या माउंटन बाइक शर्यतीत 26 जुलै 2021 रोजी इझूच्या मार्गावर जगाने पाहिलं. मॅथ्यू व्हॅन डर पूल हा विजयाच्या दावेदारांपैकी एक. एका मोठ्या दगडाखाली सरावात असलेली फळी शर्यतीच्या दिवशी काढलेली होती. ती तिथे असेल असं धरून तो गेला, पुढच्या चाकावर जोरात आदळला आणि शेवटी त्याला शर्यत सोडावी लागली. त्याच्या कौशल्यात काही कमी नव्हतं.

आपल्या डोंगरात चालण्याचं आणखी एक कारण आहे. मागचं चाक लॉक करत कोणी उतरला, की पायवाटेत चर पडते, पहिल्या पावसात तिच्यातून पाणी धावतं आणि दोन पावसाळ्यांत तिची घळ होते. त्याच वाटेने वाडीतली मुलं शाळेला जातात, बाया डोक्यावर मोळी घेऊन उतरतात. तेव्हा चाक घसरवल्याशिवाय उतरता येत नसेल, तर कृपा करून खाली उतरा आणि सायकल हातात धरून चाला.