गळ, तंगूस आणि यशवंत सागर

इंदूरकराला मासेमारीचा नाद लागला की पहिली खरेदी बहुधा फसते. जाड रॉड, त्याहून जाड तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, आणि बोटभर लांबीचा गळ घेऊन तो घरी येतो, जणू यशवंत सागर तलावातून मगरच ओढायची आहे. मासा त्या गळाकडे ढुंकूनही पाहत नाही.

सामानाचा हिशेब दुकानात नव्हे, माशाच्या तोंडापासून सुरू करावा. माळव्यातल्या तलावांत मुख्यतः रोहू, कटला आणि मृगळ. कटल्याचं तोंड वर वळलेलं, म्हणून तो पृष्ठभागाजवळ चरतो. रोहू मधल्या पाण्यात. मृगळ तळाचा गाळ चाळतो. तिघांच्याही जबड्यात दात नसतात, असतात ते घशात. त्यामुळे गळाजवळ दातांना न तुटणाऱ्या तारेची गरज नाही, पाव मिलिमीटरच्या आसपास जाडीचा तंगूस पुरतो. मरळीचा जबडा मात्र दातेरी असतो, तिची गोष्ट निराळी. गळ सहा ते आठ नंबरचा. इथे आकडा वाढला की गळ लहान होतो, हे माहीत नसल्याने कितीतरी जण पहिल्याच दिवशी उलटा माल घेऊन येतात.

रॉड सहा-सात फुटांचा, फायबरग्लासचा. तोही नसला तर सरळ बांबूची काठी चालते आणि काठावरच्या मासळीला ती रीलइतकीच पुरी पडते. रील घेतलंच तर त्याचा ड्रॅग, म्हणजे दोरी किती ओढीला सुटावी हे ठरवणारा स्क्रू, आधी हाताने ओढून सैल करून ठेवावा. घट्ट ड्रॅगवर मोठ्या रोहूने पहिला झटका दिला की तंगूस तुटतो, आणि दोष दुकानदाराच्या माथी जातो.

खरं कसब फ्लोटात, म्हणजे मासा लागल्याची खूण देणाऱ्या तरंगत्या काडीत आहे. मोरपिसाच्या देठाचा फ्लोट हा आपल्याकडचा जुना आणि उत्तम प्रकार: हलका, सरळ, पाण्यात शिरताना आवाज न करणारा. त्याखाली शिशाच्या बारीक गोळ्या एकेक करून दाबत जायच्या, इतक्या की वर फक्त टोक दिसावं. टोक बुडालं तर मासा आमिष घेऊन निघाला. पण मृगळ तळावरचं आमिष उचलतो तेव्हा त्याबरोबर शिसंही उचललं जातं आणि फ्लोट बुडण्याऐवजी वर येऊन आडवा पडतो. नवशिका तो बुडायची वाट पाहत बसतो, तेवढ्यात आमिषाची कणीक संपलेली असते.

गाठीचंही तसंच. तंगूस गळाच्या डोळ्यातून ओवायचा, मूळ दोरीभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक डोळ्याजवळच्या फटीतून आणि मग मोठ्या वेढ्यातून परत न्यायचं. आवळण्यापूर्वी गाठीला थुंकी लावायची. किळस वाटली तरी लावायची. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि नायलॉन तिथेच अशक्त होतं. हा धागा 1938 मध्ये अमेरिकेतल्या ड्यू पाँ कंपनीने जाहीर केला. त्याआधी रेशमी दोऱ्या रोज वाळवाव्या लागत, नाहीतर कुजत.

इंदुरात काय घ्यावं यापेक्षा कुठे टाकावं हा प्रश्न जास्त अवघड. गंभीर नदीवर यशवंतराव होळकर दुसरे यांच्या काळात, 1930च्या दशकात बांधलेला यशवंत सागर शहराला पिण्याचं पाणी पुरवतो आणि तिथे व्यापारी मत्स्यपालनही चालतं. म्हणजे आतली मासळी कुणाच्या तरी हक्काची असते. परवानगीशिवाय गळ टाकणं ही चोरीच. सिरपूरचा तलाव पक्ष्यांसाठी राखलेला. दोन्ही तलाव 2022 मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले. शिवाय मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट हा बंद हंगाम: मासे अंडी घालतात, मासेमारीला मनाई. नदीशी संबंध नसलेली छोटी तळी त्यातून वगळली आहेत. नवशिक्याला हुरूप येतो तो नेमका पहिल्या पावसात, हा एक योगायोगच.

तलावांपलीकडे नदीतला मासा म्हणजे महाशीर. ब्रिटिश अधिकारी हेन्री सुलिव्हन थॉमस यांनी 1873 मध्ये गळाच्या मासेमारीवर ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलं, त्यात मोठा वाटा त्याचाच. नर्मदेतला महाशीर 2011 पासून मध्य प्रदेशाचा राज्यमासा आहे. धरणांनी वाहतं पाणी अडवल्यावर तो विरळ झाला. बडवाहच्या वनविभागाने त्याच्या प्रजननाचे प्रयत्न केले आहेत. महेश्वरच्या घाटावर भाविक माशांना कणकेच्या गोळ्या घालतात, आणि गळावरचं स्वस्त आमिषही तेच. महाशीर चुकून लागला तर सोडायचाच, म्हणून पेटीत एक छोटी पक्कड हवी. तिने गळाचा उलटा काटा आधीच दाबून सपाट केला, हात ओले करून मासा धरला, की गळ सहज निघतो आणि माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर शाबूत राहतो.