महजराच्या पायथ्याच्या निशाण्या

जुन्या महजरांच्या ज्या नकला आमच्या पाहण्यांत येतात, त्यांत मजकूर बहुधा अक्षरशः उतरलेला असतो; खालीं मात्र "निशाण्या आहेत" एवढेंच लिहून नक्कलकार मोकळा होतो. संस्कृत पाठशुद्धीच्या हव्यासापायीं आम्हीही तरुणपणीं तीच चूक केली. ती लहान नव्हे.

गोतसभेंत पाटील, कुळकर्णी, शेटे, बलुतेदार, प्रसंगीं देशमुख-देशपांडेही बसत. सुनावणीपूर्वीं उभय वादी राजीनामा लिहून देत, म्हणजे होईल तो निवाडा मान्य करण्याची कबुली (आजचा अर्थ येथें घेऊं नये), आणि तिला जामीनही देत. गोत पक्षपाती वाटल्यास दुसरें स्थळ मागतां येई. अखेर महजरावर पाटलाचा नांगर उमटे, शेट्याचा तराजू उमटे; कित्येक महजरांत महाराचीही निशाणी आढळते. कोणीं निवाडा केला हें सर्वांस दिसे. लोकांचा विश्वास त्यावर होता. ही समता मात्र नव्हे; आसन वतनामुळें मिळे, आणि स्त्रिया सहसा नसत.

आयर्लंडांत २०१६ सालीं यदृच्छया निवडलेल्या ९९ नागरिकांची सभा भरली. तिच्या शिफारशींनंतर २०१८ च्या सार्वमतानें गर्भपातबंदीचें घटनाकलम रद्द झालें. तेथें वतन नव्हतें. आम्ही राहतों त्या मालाडासारख्या शहरी वस्तीसाठीं १९९३ सालीं अमलांत आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें प्रभाग समित्यांची तरतूद केली. परंतु ग्रामसभेसारखी सर्व मतदारांची सभा तींत नाहीं.

म्हणून संग्राहकांस विनंति कीं, नक्कल करतांना प्रत्येक निशाणी तिच्या जागीं, तिच्या क्रमानें रेखाटावी. पुसट असल्यास तेवढी जागा कोरी ठेवून तसें नोंदवावें.