जिऊ-जित्सू शिकताना : मॅटवरचे पहिले महिने

ब्राझिलियन जिऊ-जित्सू ही जमिनीवरच्या झुंजीची कला आहे. तिच्यात ठोसे नाहीत, लाथा नाहीत. प्रतिस्पर्ध्याला खाली आणायचे, त्याच्यावर ताबा मिळवायचा आणि सांधा पिळून किंवा गळा आवळून त्याला हार मानायला लावायचे, असा हा खेळ आहे. कुस्ती पाहत आलेल्या मराठी वाचकाला तिचे वेगळेपण चटकन कळते. कुस्तीत पाठ टेकली की निकाल लागतो. जिऊ-जित्सूतला बराचसा खेळ पाठ टेकल्यावरच सुरू होतो. खाली पडलेला माणूस आपल्या पायांनी वरच्याची कंबर वेढतो, त्याचे हात अडवतो, त्याला उलथवतो किंवा खालूनच त्याचा गळा पकडतो. या स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात आणि ही सबंध कला तिच्याभोवतीच वाढलेली आहे.

तिचे मूळ जपानी ज्यूदोत आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही ज्यूदोची संस्था काढली. तिथे तयार झालेले मित्सुयो माएदा देशोदेशी लढती करत १९१४ मध्ये ब्राझीलला पोहोचले आणि पुढे ॲमेझॉनच्या मुखाजवळच्या बेलें शहरात स्थायिक झाले. माएदा आणि त्यांच्या शिष्यांच्या वर्तुळात कार्लोस ग्रेसी शिकले. पुढे कार्लोस, त्यांचे धाकटे भाऊ एलियो आणि बाकीच्या ग्रेसी कुटुंबाने रिओ दि जानेरोत या विद्येचा प्रसार केला. एलियो अंगाने किरकोळ होते. त्यामुळे ताकदीपेक्षा तरफेवर आणि संयमावर भर देणारी शैली त्यांच्या नावाशी जोडली गेली. सगळे श्रेय ग्रेसींना देऊन मोकळे होणे मात्र बरोबर नाही. माएदांचेच शिष्य लुईझ फ्रान्सा आणि त्यांचे शिष्य ओस्वाल्दो फाद्दा यांची परंपरा वेगळी आहे, आणि रिओच्या गरीब उपनगरांत ही कला पोहोचवली ती फाद्दांनी.

१९५१ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये एलियो ग्रेसी जपानचे ज्यूदोवीर मासाहिको किमुरा यांच्याशी लढले. किमुरांनी त्यांचा हात मागे पिळला. हात मोडला, तरी एलियोंनी हार मानली नाही. शेवटी एलियोंच्याच गोटातून लढत थांबवण्यात आली. हरलेल्यांनी त्या डावाला जिंकणाऱ्याचे नाव दिले. आज जगभरच्या मॅटवर तो डाव ‘किमुरा’ म्हणूनच शिकवला जातो. पुढे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात पहिली यूएफसी स्पर्धा झाली. वेगवेगळ्या युद्धकलांच्या लढवय्यांना एलियोंचा सडपातळ मुलगा रॉयस एकामागून एक हरवत गेला, आणि हा खेळ जगाच्या नजरेत भरला.

नवशिक्याला पहिल्या काही महिन्यांत डावांपेक्षा स्थिती समजणे जास्त गरजेचे असते. प्रतिस्पर्धी गार्डमध्ये आहे, की गार्ड ओलांडून बाजूने छातीवर दाबून आहे (साइड कंट्रोल), की पोटावर मांड ठोकून बसला आहे (माउंट), की पाठीला चिकटला आहे, हे ओळखता आले तरच पुढचा डाव सुचतो. स्पर्धेतले गुण या पायऱ्यांचे महत्त्व नेमके सांगतात : खाली पाडणे २, खालून उलथवून वर येणे २, पोटावर गुडघा रोवणे २, गार्ड ओलांडणे ३, माउंट ४ आणि पाठीवरचा ताबा ४. एकाने हार मानली की मात्र गुणांचा हिशेब उरत नाही.

तालमीत घडलेल्या पहिलवानाकडे या खेळाचे बरेच भांडवल आधीपासून असते. पट काढणे, समोरच्याचा तोल ओळखणे, अंगाचा भार टाकणे हे त्याला नव्याने शिकावे लागत नाही. त्याची एक सवय मात्र इथे अंगाशी येते. चीतपट होऊ नये म्हणून तो पोटावर वळतो, आणि जिऊ-जित्सूत असे वळणे म्हणजे आपली पाठ दुसऱ्याच्या हवाली करणे. पाठीवरून गळ्याला पडलेला हात सोडवणे फार कठीण असते. पाठ टेकलेल्या स्थितीत शांतपणे लढणे पहिलवानाला सर्वांत उशिरा जमते.

एक क्लास साधारण तास-दीड तासाचा असतो. सुरुवातीला अंग मोकळे करताना कंबर सरकवत निसटणे, पूल करून वरच्याला उचलणे, न लागता पडणे अशा हालचाली होतात. या हालचाली पुढे प्रत्येक डावात लागतात, म्हणून त्यांना नुसता व्यायाम समजू नये. मग कोच एक-दोन डाव दाखवतात, जोड्या त्यांचा सराव करतात आणि शेवटी मोकळी लढत होते. तिला ‘रोलिंग’ म्हणतात. बहुतेकांना पहिल्या रोलिंगमध्ये धाप लागते आणि काहीच सुचत नाही. श्वास रोखून सगळी ताकद लावणे ही घाबरलेल्या शरीराची साहजिक प्रतिक्रिया आहे, पण दोघांपैकी कोणाला तरी इजा होते ती याच वेळी. चांगला कोच नवशिक्याला पहिल्या दिवशी मोकळ्या लढतीत उतरवतच नाही. तो एकाच स्थितीतून सुटण्याचा मर्यादित सराव देतो किंवा अनुभवी आणि शांत जोडीदार देतो.

या खेळाची सारी सुरक्षितता टॅपवर उभी आहे. समोरच्याच्या अंगावर किंवा मॅटवर दोन-तीनदा थाप मारली, किंवा तोंडाने ‘टॅप’ म्हटले, की पकड त्याच क्षणी सुटली पाहिजे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या नीट दाबल्या गेल्या तर काही सेकंदांत शुद्ध हरपते. कोपर आणि खांदा यांना निदान दुखून इशारा देता येतो. पण टाच पिळून गुडघ्यावर ताण आणणाऱ्या ‘हील हुक’मध्ये दुखायला लागेपर्यंत अस्थिबंध फाटलेले असू शकतात. म्हणून पकड पक्की बसली असे वाटताच टॅप करावा. एलियोंचा हट्ट इतिहासात शोभतो. रोजच्या सरावात तसा हट्ट धरणारा माणूस सहा महिने घरी बसतो.

त्यामुळे अकॅडमी निवडताना सर्वांत आधी पाहायचे ते हे, की तिथे टॅपचा मान किती राखला जातो. त्यासाठी नाव नोंदवण्याआधी एक पूर्ण क्लास कडेला बसून पाहावा. रोलिंग चालू असताना कोचचे लक्ष कुठे आहे? कोणी रागाने किंवा झटक्याने डाव लावला तर कोच थांबवतो का? जाडजूड, तरुण गड्यासमोर पहिल्याच आठवड्यात आलेल्या बारीक माणसाला कोणी उभे करते का? भिंतीवरची पदके आणि परदेशी पाहुण्यांबरोबरचे फोटो पाहून क्लासची पारख होत नाही. तिथल्या सर्वांत हलक्या, सर्वांत वयस्क किंवा सर्वांत नव्या माणसाकडे पाहून ती होते. अशी माणसे वर्षानुवर्षे टिकून असतील आणि क्लास सुटल्यावर हसत बोलत असतील, तर तिथे शिकवण्याची रीत चांगली आहे. फक्त विशीतले दणकट तरुणच उरले असतील, तर बाकीचे का गेले असावेत हे ओळखायला फार विचार करावा लागत नाही.

कोच कोणाचा शिष्य आहे, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. या कलेत पट्टा गुरूच्या हातून शिष्याच्या हाती येतो. प्रत्येक ब्लॅक बेल्टला आपला पट्टा कोणी दिला हे सांगता येते आणि ती साखळी मागे नेता येते. विचारल्यावर कोच सरळ उत्तर देत नसेल तर तिथून निघावे. भारतात ब्लॅक बेल्ट अजून थोडे आहेत. पुष्कळ शहरांत त्याआधीच्या पायरीवरचे पर्पल किंवा ब्राऊन बेल्टधारक शिकवतात आणि त्यांतले अनेक उत्तम शिकवतात. ते कोणा ज्येष्ठाच्या देखरेखीखाली शिकवतात का, एवढे पाहावे. कराटे, किकबॉक्सिंग आणि जिऊ-जित्सू अशी सगळी नावे एकाच फलकावर असतील, तर जमिनीवरची मोकळी लढत रोज होते का, असा थेट प्रश्न करावा. ती होत नसेल तर तिथे शिकवले जाते ते काहीतरी वेगळे असते. जपानी जुजुत्सूही निराळी विद्या आहे. तिच्यात प्रहार, फेकी आणि ठरावीक क्रमाने करायचे डाव असतात.

मुलींनी आणि स्त्रियांनी आणखी काही गोष्टी तपासाव्यात. कपडे बदलायला स्वतंत्र जागा आहे का, आधीपासून स्त्रिया सराव करतात का, एखाद्या जोडीदाराबरोबर लढायला नकार दिल्यास तो निमूट मान्य होतो का? या खेळात अंगाला अंग भिडतेच, म्हणून इथली शिस्त इतर खेळांपेक्षा काटेकोर हवी. कोचच्या हाती मोठी सत्ता असते. काही ठिकाणी तिचा गैरवापर झाल्याचे उघड झालेले आहे. विद्यार्थ्यांशी खासगी जवळीक, बाहेर काही न सांगण्याचा दबाव, दुसऱ्या अकॅडमीत सराव केल्यास गद्दारीचा ठपका : यांपैकी काहीही दिसले तर शिकवणे कितीही चांगले असो, ती जागा सोडावी. मुलांना घालताना पालकांनी क्लास पाहू दिला जातो का, हे आधी विचारावे.

पैशांबाबत थोडेच सांगण्यासारखे आहे. वर्षाची फी एकदम भरू नये. पहिले दोन-तीन महिने दरमहा भरावी. पट्ट्यांच्या परीक्षेसाठी वरचेवर पैसे मागणारी जागा टाळावी. घरापासूनचे अंतर मात्र गंभीरपणे घ्यावे. आठवड्यातून दोन-तीनदा नियमित जाणारा पुढे सरकतो, आणि ट्रॅफिकमधून तास-दीड तासावर असलेली नामांकित अकॅडमी चार आठवड्यांत सुटते. जवळची साधी पण नीट चालवलेली अकॅडमी त्याहून बरी.

सराव दोन प्रकारे होतो. ‘गी’ म्हणजे जाड सुती विणीचे जॅकेट, पँट आणि पट्टा; त्याची कॉलर आणि बाही पकडूनच निम्मे डाव लागतात. ‘नो-गी’मध्ये अंगाला घट्ट बसणारा रॅश गार्ड आणि खिसे-चेन नसलेली शॉर्ट असते, आणि खेळ निसरडा आणि वेगवान होतो. नवशिक्याला गी थोडी जास्त मानवते, कारण पकडींमुळे वेग कमी होतो आणि विचार करायला वेळ मिळतो. पहिले काही दिवस अकॅडमीचीच गी मिळते का ते पाहावे. विकत घेतल्यावर ती दर सरावानंतर धुवावी लागते. पावसाळ्यात मुंबईत आणि कोकणात ती एका दिवसात वाळत नाही, म्हणून आठवड्यात तीनदा जाणाऱ्याला दुसरी गी घ्यावीच लागते.

स्वच्छता इथे शिष्टाचाराहून मोठी गोष्ट आहे. घाम, घर्षण आणि उघडी त्वचा यांमुळे गजकर्ण आणि जिवाणूंचे संसर्ग मॅटवरून झपाट्याने पसरतात. मॅट रोज जंतुनाशकाने पुसली जाते का, चपला मॅटच्या बाहेरच राहतात का, अनवाणी कोणी स्वच्छतागृहात जात नाही ना, हे पहिल्याच भेटीत दिसते. नखे कापलेली असावीत आणि सरावानंतर लगेच अंघोळ करावी. त्वचेवर गोल, खाजरा चट्टा उठला तर मॅटवर न जाता त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. औषधाच्या दुकानात सहज मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमे खाज तात्पुरती थांबवतात आणि गजकर्ण आणखी चिवट करतात. आपल्याकडे हा त्रास फार पसरलेला आहे. कान सतत घासले जाऊन सुजले तर आत साचलेले रक्त वेळीच डॉक्टरकडून काढून घ्यावे, नाहीतर पहिलवानांसारखा कान कायमचा कडक होतो.

वयाची अडचण समजतात तेवढी मोठी नाही. अमेरिकेतले प्रसिद्ध आचारी आणि लेखक अँथनी बोर्डेन यांनी पन्नाशीच्या अखेरीस ही कला सुरू केली आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका स्पर्धेत आपल्या वयोगटाचे सुवर्णपदक मिळवले. गुडघा, मान किंवा कंबर आधीच दुखावलेली असेल, रक्तदाब असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेऊन कोचला तसे स्पष्ट सांगावे. चाळिशीनंतर जोडीदार निवडून लढणे आणि दोन सरावांमध्ये एक दिवस विश्रांती ठेवणे हाच शहाणपणा आहे.

प्रौढांचे पट्टे पाचच : पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा. मधल्या प्रगतीसाठी पट्ट्यावर चारपर्यंत पट्ट्या चढतात. निळा पट्टा सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही आणि काळ्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षे लागतात. ज्या अकॅडमीत दोन-तीन वर्षांत काळा पट्टा मिळतो, तिथल्या पट्ट्याला बाहेर किंमत नसते. स्पर्धेची सक्ती कुठेही नसावी. ज्याला उतरावेसे वाटेल त्याने सहा महिने ते वर्षभराच्या सरावानंतर खुशाल उतरावे. आंतरराष्ट्रीय जिऊ-जित्सू महासंघाच्या नियमांप्रमाणे प्रौढ पांढऱ्या पट्ट्याची लढत ५ मिनिटांची असते. गटही वय, वजन आणि पट्ट्यानुसार पाडलेले असतात, आणि तिशीपासून पुढे मास्टर्सचे वेगळे वयोगट आहेत. मनगट पिळणे, हील हुक आणि समोरच्याच्या अंगावर उडी मारून गार्ड घेणे हे पांढऱ्या पट्ट्याला वर्ज्य आहे. स्थानिक स्पर्धांचे नियम याहून थोडे वेगळे असू शकतात, म्हणून नाव देण्याआधी ते कोचबरोबर बसून वाचावेत.